रजिस्टरमधलं जास्तीचं नाव

मी या फोरमवर चार वर्षं आहे, पण आजवर फक्त दुसऱ्यांची फिरकी घ्यायला. कोणी लिहिलं की घरातले दिवे आपोआप लागले, की खाली माझी कमेंट ठरलेली – "आधी वायरमनला बोलवा." जुने मेंबर ओळखतील. त्यांना आज हसायचं असेल तर खुशाल हसावं, माझी काही तक्रार नाही. मी बी.एस्सी. झालेली बाई, अमावास्येला केस धुते, मांजर आडवी गेली तर थांबून तिला जाऊ देते आणि मग मी जाते. संकेत, चाहूल असल्या गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता... आजही आहे असं म्हणवत नाही. पण जे झालं ते झालं, आणि ते कुठेतरी लिहून काढल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

मी पेणला असते. सासरचा गणपतीचा कारखाना आहे. कारखाना म्हणजे घराला लागून पत्र्याची लांब शेड, आत सगळीकडे फळ्यांवर मूर्ती, आणि शेडच्या तोंडाशी छोटीशी ऑफिसची खोली. सासरे – त्यांना सगळे नाना म्हणतात – मूर्तींची आखणी करतात, म्हणजे डोळे काढतात. वय झालंय, पण ते काम अजून दुसऱ्या कोणाला देत नाहीत. नवरा, मंगेश, माती, साचे आणि कारागीर सांभाळतो. माझ्याकडे रजिस्टर.

बाहेरच्यांना वाटतं, मूर्ती केली, विकली, संपलं. आमची निम्मी गिऱ्हाइकं पिढीजात आहेत, आणि त्यांना दरवर्षी तीच मूर्ती लागते. तीच उंची, तीच बैठक, त्याच रंगाचं सोवळं. नागपंचमीच्या आसपास ती आपल्या घरचा लाकडी पाट आणून देतात, त्यावर खडूने नाव घालतात, आणि त्यांची मूर्ती त्याच पाटावरून घरी जाते. एखाद्याच्या सोवळ्याचा रंग चुकला, की त्या घरात वर्षभर जे काही बिनसेल ते आमच्या माथी. म्हणून रजिस्टर.

हे रजिस्टर वहीतून कॉम्प्युटरवर आणलं माझ्या धाकट्या भावाने, संदेशने. माझं माहेर रोह्याचं, तिथल्या अष्टमी भागात घर. संदेश धाटावला एका कंपनीत शिफ्टमध्ये होता आणि उरलेल्या वेळात कॉम्प्युटर उघडून बसायचा. त्याने आमच्यासाठी एक प्रोग्रॅम स्वतः बनवला – नाव, गाव, उंची, रंग, गेल्या वर्षीच्या मूर्तीचा फोटो आणि शेवटी शेऱ्याचा रकाना. शेऱ्यात मी काय वाटेल ते लिहायची. "उंदीर मोठा नको, घरातली लहान मुलं घाबरतात." "मागच्या वेळी भांडून गेले, चहा विचारणे." शिवाय कोणती नोंद कोणी, किती वाजता बदलली, हेही प्रोग्रॅम आपोआप लिहून ठेवायचा. मी विचारलं, हे कशाला? तर म्हणाला, "ताई, उद्या चूक झाली की तू भावोजींवर ढकलशील. म्हणून." त्याने दोन युजर बनवले होते, एक माझा, एक त्याचा. त्याचा पासवर्ड मला कधीच माहीत नव्हता आणि विचारावासाही वाटला नाही.

तीन वर्षांपूर्वी जानेवारीत प्रोग्रॅम उघडेना. मीच फोन केला – "येतोस का? नाहीतर नाना परत वही काढतील." पहिली शिफ्ट करून तो बाईकवर आला, तासाभरात काम केलं, उभ्या उभ्या पोहे खाल्ले आणि निघाला. कोलाडला कोणाला तरी भेटायचं होतं म्हणून हायवेने गेला. खांबच्या जवळ गाडी घसरली. एकेचाळीस वय, लग्न व्हायचं होतं, वडील आधीच गेलेले. घरात आई एकटी राहिली.

मी बोलावलं म्हणून तो आला होता. लोक म्हणतात, असं म्हणू नये. मी म्हणते.

माहेरचा गणपतीही आमच्याच कारखान्यातून जायचा, संदेश येऊन न्यायचा. तो गेला त्या वर्षी माहेरी सण नव्हताच. पुढच्या वर्षी श्रावणात, सकाळीच आईचा फोन आला. "वैशाली, आमचं नाव काढून टाक तुझ्या त्या रजिस्टरातनं. आता नको, पुढं पण नको."

मी विचारलं, का म्हणून?

"उचलून आणणारा गेला. आता कोणासाठी आणायचा?"

"मी आणते. नाहीतर मंगेश आणेल."

"जावयाला कामाला लावू? आणि तुझा गणपती पेणला हाय गो. लेक तू, पण घर तुझं ते."

चुलत्यांनी समजावलं, शेजारच्या काकूंनी समजावलं – घरचा गणपती असा मोडू नये. आई ऐकेना. सगळे म्हणाले, देवावर रागावली आहे. मलाही तसंच वाटलं, आणि मला तिचाच राग आला. तिरीमिरीत मी नोंद उघडली. संदेशचं नाव, रोहा, उंची चौदा इंच, सोवळं लिंबू रंगाचं, शेरा रिकामा. थोडा वेळ बघत बसले, मोबाइलवर स्क्रीनचा एक फोटो काढला आणि नोंद डिलीट केली. नुसतं "बंद" असं करूनही चाललं असतं. पण मला तेव्हा काहीतरी तोडायचंच होतं.

त्यानंतर आई आक्रसत गेली. बाजारात जाणं बंद, कोणाकडे बसायला जाणं बंद. आमचा रोजचा फोन तीन मिनिटांचा. जेवलीस? व्हय. गोळी घेतलीस? व्हय. ठेवू? ठेव. मी ठेवायचे. आपलं कर्तव्य झालं, अशा समाधानात.

आता मुख्य गोष्ट. यंदा जुना कॉम्प्युटर अगदीच टेकीला आला. चालू व्हायला दहा मिनिटं, त्यात मध्येच बंद. मंगेशने न सांगता नवीन आणला, आणि तो तीन आठवडे खोक्यातच राहिला, कारण मी हात लावत नव्हते. मंगेश म्हणायचा, "त्याची पूजा करून ठेवायची का?" मी त्याच्यावर ओरडायचे. खरं कारण सांगत नव्हते. जुन्या मशीनला आतून शेवटचा हात संदेशचा लागला होता, आणि ते मला बंद करायचं नव्हतं.

शेवटी जूनमधल्या एका रविवारी बसले. कारागीर सुट्टीवर, मंगेश आणि नाना धरमतरच्या बाजूला एका गिऱ्हाइकाकडे साखरपुड्याला, मुलगी हॉस्टेलला. घरात मी एकटी, आणि दिवस स्वच्छ उजेडाचा. आधी फोटो हलवले, मग रजिस्टरची फाइल. मग संदेशचा प्रोग्रॅम, जो नव्या मशीनवर चालायला तयार नव्हता. त्याला गोडीगुलाबीने मनवण्यात सकाळ गेली. मग प्रिंटर, मराठी फॉन्ट. आणि शेवटी सगळ्या सेटिंग – दोन्ही युजर धरून. संदेशचा युजर सोडून देता आला असता. नाही सोडला.

तो सेटिंगचा भाग सगळ्यात रेंगाळला. स्क्रीनवर कधी "अठरा मिनिटं बाकी", कधी "चार तास बाकी". मी दोन्ही मशीन तशीच चालू ठेवून समोर स्वयंपाकघरात भाकऱ्या टाकायला गेले. स्वयंपाकघरातून ऑफिसचं दार दिसतं. कोणी आलं नाही, गेलं नाही. दोनच्या सुमारास येऊन बघते तर काम पूर्ण झालेलं. हे मुद्दाम सांगते, जुन्या कॉम्प्युटरला इंटरनेट कधी जोडलेलंच नव्हतं, आणि नव्याला अजून जोडायचं होतं.

मी जुन्या आणि नव्या रजिस्टरमधल्या नोंदी मोजल्या. नव्यात एक जास्त होती. सहाशेच्या वर नोंदी, त्यात एकाचा फरक... म्हटलं, असेल एखादी रिकामी ओळ. इथे माझी चूक झाली. कॉम्प्युटरच्या कामात एकाचा फरक हाच खरा फरक असतो, हे मीच दुसऱ्यांना सांगत असते. दुसऱ्या दिवशी यंदाची लिस्ट प्रिंट करून शेडमध्ये नानांच्या जागेजवळ लावली. अठरा पानं. कोण वाचतो?

नागपंचमी झाली, शेड पाटांनी भरली. एका दुपारी नानांचा चहा घेऊन गेले. त्यांच्या डाव्या हाताला, सुकायला ठेवलेल्या मूर्तींत, एक एवढीशी मूर्ती होती. आमच्याकडे एवढी लहान कधी होत नाही. लिंबू रंगाचं सोवळं. डोळे नुकतेच काढलेले, अजून ओले. खाली चिठ्ठी – संदेश, रोहा.

"नाना, ही कोणाची?"

"वाच की. तुझ्या माहेरची."

त्यांनी ब्रश खाली ठेवला. "लिस्टीत नाव आलं. मी म्हटलं, चला, विहीणबाईंनी मन घट्ट केलं एकदाचं. तू काय बोलली नाय, मग मी पण नाय विचारलं. म्हटलं, उगाच रडेल पोरगी."

"पण ही एवढीशी का केलीत?"

"लिस्टीत सहा इंच हाय ना. एवढा साचा कुठं आपल्याकडं? हातानं केली."

अकराव्या पानावर नाव होतं. उंची सहा इंच. प्रिंट काढताना शेऱ्याचा रकाना कागदावर मावत नाही म्हणून मी तो वगळते, त्यामुळे ऑफिसमध्ये जाऊन रजिस्टर उघडलं. शेऱ्यात एक ओळ होती.

"आईला एकटीला उचलता आली पाहिजे."

त्याखाली प्रोग्रॅमने नेहमीप्रमाणे लिहिलेलं – नोंद बदलणाऱ्याचं नाव संदेश. तारीख, तो जूनमधला रविवार. वेळ, दुपारी एक वाजून चाळीस मिनिटं. त्या वेळी मी भाकऱ्या टाकत होते.

मी खुर्ची न बघता बसले आणि खाली पडले.

मग मला राग आला. भीतीच्या आधी राग, हा माझा स्वभाव. मंगेशला बोलावून नको नको ते बोलले. त्याने ती ओळ वाचली आणि त्याचे डोळेच भरून आले. "वैशू, असली चेष्टा मी करीन? संदेशच्या नावानं?" तसं पाहिलं तर मंगेशला मराठीत साधा नमस्कार टाइप करायला अर्धा तास लागतो. आणि त्या रविवारी तो धरमतरला होता, साखरपुड्याच्या फोटोंत आहे. नानांना कॉम्प्युटर चालू कुठून करतात ते माहीत नाही.

तुम्ही म्हणाल, डिलीट केलेली नोंद परत येते. येते, मलाही माहीत आहे. पण जशी होती तशी येते. मोबाइलमधला तो जुना फोटो शोधला – उंची चौदा इंच, शेरा रिकामा. जुनं मशीन परत जोडून बघितलं. त्यात ती नोंद कुठल्याच उंचीची नाही, नावच नाही. संदेशने जाण्याआधी कधी लिहून ठेवलं असेल म्हणावं, तर आई एकटी पडणार हे त्याला कुठून कळणार? तो तर पोहे खाऊन घाईघाईत निघाला होता. ओळखीच्या एका कॉम्प्युटरवाल्याला दाखवलं. तो म्हणाला, ट्रान्सफरमध्ये तारखा-वेळा घोटाळतात, युजरचं नाव चुकून लागतं. हे पटलं. शेऱ्याचं काय, विचारल्यावर म्हणाला, "वहिनी, तुम्हीच कधीतरी टाइप केलं असेल, आठवत नसेल." तेव्हापासून हाही किडा डोक्यात आहे. पण त्या युजरने आत शिरायला त्याचा पासवर्ड लागतो. तो मला नव्हता, आजही नाही. शंभर वेळा प्रयत्न केला आहे.

मूर्तीचं काय करायचं, हा प्रश्न मात्र नानांना पडलाच नाही. आमच्या कारखान्यात एक नियम आहे. नावाने केलेल्या मूर्तीची आखणी झाली, की ती दुसऱ्याला द्यायची नाही. ते एवढंच म्हणाले, "डोळे उघडले. आता ज्याच्या नावाची, त्याच्या घरी जाईल. घेऊन जा."

"आई दारातनं परत पाठवेल, नाना."

"पाठवू दे. आपण द्यायला जायचं."

चतुर्थीच्या आदल्या दिवशी मंगेशने गाडी काढली. मुंबईकर गावाला निघालेले, वडखळपासून गाड्यांची रांग. मी मांडीवर मूर्ती धरून बसले होते आणि आईला काय सांगायचं ते मनात घोळवत होते. कॉम्प्युटरचं काही बोलायचं नाही हे नक्की केलं होतं. तीन वर्षांनी जखमेवरची खपली काढायला माझी छाती झाली नसती. नुसतं सांगणार होते की नानांच्या हातून चुकून झाली, आता ठेवून घे. आणि ती नको म्हणाली, तर? तर आईच्या घरातला गणपती माझ्या हातून दोनदा मोडला, असं झालं असतं. एकदा कीबोर्डवर, एकदा दारात.

आईने दार उघडलं. मूर्तीवरचा रुमाल मी बाजूला केला. ती बघत राहिली. रागावली नाही, रडली नाही. मग म्हणाली, "केवढी गो ही?"

"सहा इंच."

ती आत गेली. मला वाटलं, संपलं. तर भांड्यांचा आवाज आला, आणि ती माळ्यावरचा पाट पदराने पुसत बाहेर आली. पायरीखाली अंगणात पाट ठेवला. "यावर ठेव. आणि तू बाजूला हो."

मी मूर्ती पाटावर ठेवली. मंगेश पुढे झाला तर त्यालाही तिने हाताने थांबवलं. मग ती वाकली, गुडघे धरून, हळू. पाट उचलला. उंबऱ्यात मी तिच्या पायांवर दूध-पाणी घातलं. ती आत गेली, तीन वर्षं रिकाम्या राहिलेल्या चौरंगापर्यंत, आणि कोणाची मदत न घेता पाट वर ठेवला. धाप लागली होती. तिथेच खाली बसली.

मी पाणी दिलं. तिने पाणी घेतलं आणि माझ्याकडे न बघता बोलायला लागली. "तुला फोन केला ना मी, नाव काढ म्हणून? त्याच्या आदल्या दिवशी हाच पाट काढला होता. म्हटलं, कोणाच्या पाया पडायला नको, आपणच आणू. त्याच्यावर तांदळाचा डबा ठेवला, गणपतीच्या वजनाचा. अंगणातनं उचलला. उंबऱ्यापर्यंत पण नाय आला. हात थरथरायला लागले, खाली ठेवला. म्हटलं, देवाला असा रस्त्यात टाकला तर?... त्याच्यापेक्षा नकोच."

"मला का नाही सांगितलंस?"

"काय सांगायचं? म्हातारीला हौस आली, असं म्हणाली असतीस."

मला हे म्हणायचं होतं की नसते म्हणाले. पण म्हणाले असते. मला मी माहीत आहे.

"आणखी कोणाला माहीत होतं?"

"कोणाला? फाटक लावून घेतलं होतं. भरदुपारची वेळ. कुत्रं पण नव्हतं रस्त्याला."

दीड दिवसाचा गणपती. विसर्जनाला आई स्वतः पाट घेऊन कुंडलिकेपर्यंत चालत गेली. वाटेत दोनदा थांबली. मी दोन्ही वेळा हात पुढे केला आणि दोन्ही वेळा ती म्हणाली, "राहू दे. जमतंय मला." नदीवरून येताना शेजारच्या काकूंकडे चहाला थांबली, कित्येक महिन्यांनी. सगळे म्हणाले, बरं झालं, आईचा राग गेला एकदाचा.

शेरा मी अजून पुसलेला नाही आणि आईला दाखवलेलाही नाही. संदेशचा युजर नव्या कॉम्प्युटरवर तसाच आहे. रोज सकाळी मशीन चालू केलं की माझ्या नावाशेजारी त्याचं नाव दिसतं. त्या दिवशी तिथे काय झालं ते शोधणं मी आता सोडून दिलं आहे. भुताची भीती मला अजूनही वाटत नाही. मला झोप येत नाही ती वेगळ्याच गोष्टीने. दार लावून घेतलेल्या अंगणात, भरदुपारी, माझ्या आईने एक डबा उचलून पाहिला आणि तिला तो उचलवला नाही. मी तिच्याशी रोज फोनवर बोलत होते. ते कळलं त्याला, मला नाही.